दहा किलोला सव्वा किलो

बी.कॉम.च्या मुलांना मी 18 वर्षं कॉस्टिंग शिकवतेय. प्रोसेस कॉस्टिंगमध्ये 'नॉर्मल लॉस' येतो, म्हणजे माल तयार होताना हमखास होणारी घट. फळ्यावर लिहायचं 10 टक्के, मुलं गणित सोडवतात. हे 10 टक्के जातात कुठे, ते कुणी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मला लालबागला तिच्या घरी घेऊन गेली. आई घरगुती मसाला करून विकते. चाळीच्या गच्चीवर बेडगी आणि संकेश्वरी मिरची वाळत घातली होती, माय-लेकी देठं खुडत होत्या. आई म्हणाली, "मॅडम, 10 किलोला सव्वा किलो जातोच. देठं, ओल, आणि कुटायच्या डंखावर उडतं ते." माझा नॉर्मल लॉस गच्चीवर पसरलेला होता.

मुलीने वही दाखवली. मिरची, धणे, खडा मसाला, तेल, कुटायचे पैसे, पिशव्या, सगळं मांडलेलं. दोघींच्या मजुरीचं मात्र नावही नव्हतं. ती मजुरी बसून धरली, तेव्हा किलोमागे सुटणारे 140 रुपये 30 वर आले. पोरगी गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे आई एवढी वर्षं फुकटच राबतेय?" वर्गात इतका खरा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. त्या संध्याकाळी तिने भाव वाढवायचा की पाव किलोची पाकिटं काढायची, याचा हिशोब मांडला.

नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला, म्हणजे प्रत्यक्ष काम करत शिकण्याला, 4 क्रेडिट, म्हणजे 120 तास आहेत. फार चांगली तरतूद आहे ही. पण तिचे तास कॉलेजने धरले नाहीत, त्यात घरचा धंदा धरत नाहीत म्हणून. नातेवाइकाच्या ऑफिसचं सर्टिफिकेट आणि स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट चालतो. याचा मला मनापासून राग येतो.

पवईला आयआयटीत 'साइन' हे इन्क्युबेशन सेंटर, म्हणजे नवे धंदे उभे करायला मदत करणारं केंद्र, 2004 पासून आहे. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथूनच वर आली. तिथल्या मुलांना जागा मिळते, अनुभवी माणसं मिळतात, चुका करायला वेळ मिळतो. लालबाग-परळच्या कॉमर्सच्या मुलांच्या तर घरातच धंदा चालू असतो. त्यांना फक्त वही तपासणारा मास्तर हवा, जो दोनदा तरी गच्चीवर जाईल.

सोमवारी मी कॉलेजला तसा लेखी प्रस्ताव देतेय. तुमच्या कॉलेजात घरच्या धंद्याचे तास धरत असतील, तर कोण तपासतं आणि मार्क कसे देतात, ते कृपया खाली लिहा. मला ते प्रस्तावाला जोडायचंय.