खुलासा : शेजाऱ्याला ‘व्हेरियन्स’ मिळाला म्हणजे झोनिंग बदललं नाही

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘गल्लीत एकाला सामासिक अंतरात (बांधकाम आणि हद्द यांमध्ये सोडायची मोकळी जागा) सूट मिळाली, आता सगळ्यांना मिळणार. केनेलचंही (अनेक कुत्री ठेवण्याची जागा) तसंच, शेजाऱ्यांच्या सह्या आणल्या की झालं.’ यातलं एकही विधान बरोबर नाही. यावर विसंबून कुणी पाया खणायला घेऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

झोनिंग म्हणजे कुठल्या भागात जमीन कशी वापरायची, बांधकाम कसं करायचं याचे गावाचे नियम. व्हेरियन्स, म्हणजे वर म्हटलेली सूट, हा त्या नियमातला बदल नव्हे, एका विशिष्ट जागेपुरती दिलेली सवलत. प्लॉट अरुंद आहे, मागे तीव्र उतार आहे, अशी जमिनीचीच अडचण सहसा दाखवावी लागते. ‘खोली मोठी हवी’ किंवा ‘खर्च वाढतोय’ एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागत नाही. अडचण मालकाने स्वतः ओढवून घेतलेली असेल, तर अर्ज आणखी कमकुवत होतो. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते : ही सवलत साधारणपणे जमिनीला चिकटते, घर विकलं तरी नव्या मालकाकडे जाते. म्हणूनच अर्जावर निर्णय देणारं झोनिंग बोर्ड इतकं काटेकोर असतं, आणि ते मला योग्यच वाटतं.

केनेलचा रस्ता बहुधा वेगळाच असतो, विशेष परवान्याचा. तो वापर त्या झोनमध्ये अटींवर मान्य असावा लागतो. मग कुत्र्यांची संख्या, भुंकण्याचा आवाज, मैल्याची विल्हेवाट, कुंपण यांवर अटी येतात. सुनावणीत शेजाऱ्यांचं म्हणणं ऐकतात, पण निर्णय सह्या मोजून नव्हे, पुराव्यावर व्हायला हवा.

कुत्र्यांच्या संख्येची मर्यादा गावागणिक बदलते. अर्जाआधी आपल्याच गावाचा झोनिंग कायदा वाचा.