खुलासा : उतारावर गाडी न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचत नाही

‘घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाका, जमलं तर इंजिनच बंद करा, मायलेज वाढेल’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे आणि जीवावर बेतणारा आहे.

कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या) जुन्या गाड्यांत या सल्ल्यात थोडं तथ्य होतं. आताच्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकंच इंजिनला फिरवत राहतात आणि ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक, इंधन फवारणारे इंजेक्टर बंद करतो. तेव्हा इंधन जवळपास शून्य लागतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. डॅशबोर्डवर तात्कालिक मायलेज दिसत असेल, तर शेजारी बसलेल्याला घाटात बघायला सांगा : गिअरमध्ये आकडा वरच्या टोकाला जातो. अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलने थेंबभर वाचेलही, पण घाटात नाही.

खरी काळजी ब्रेकची. न्यूट्रलमध्ये इंजिनची अडवणूक जाते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. इंजिन बंद केलं तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलावर ट्रकने अनेक गाड्या ठोकल्या, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं होतं.

मायलेजसाठी टायरमधली हवा तपासा, वेग एकसारखा ठेवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल तिथे हा खुलासा टाका.