तीन इंची प्ले

फोंड्यात 'प्ले' म्हटलं की माणसं आधी नाटकाची तारीख विचारतात. त्यामुळे गाड्या दुरुस्त करणाऱ्या मेस्तानं माझ्या गाडीचं स्टेअरिंग डावीउजवीकडे हलवून "तीन इंच प्ले आसा, पात्रांव" असं जाहीर केलं, तेव्हा शेजारच्या टपरीवर चहा पिणाऱ्या दोघांनी माना वर केल्या. जत्रेशी याचा संबंध नाही हे कळल्यावरही ते उठून आलेच. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

गाडी म्हणजे 1969 सालची ट्रायम्फ स्पिटफायर. जन्म इंग्लंडातला, कॉव्हेंट्रीचा. कुणा तारवट्याबरोबर, म्हणजे बोटीवरच्या खलाशाबरोबर, ती गोव्यात आली आणि दोन घरं करून माझ्या गळ्यात पडली. नाव लढाऊ विमानाचं, पण दोन माणसं आणि एक छत्री एवढंच तिला झेपतं. बॉनेट मात्र मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं. ते उघडलं की रस्त्यावरचा प्रत्येक जण आत डोकावून एकेक आजार सांगून जातो.

तीन इंच प्ले म्हणजे स्टेअरिंग तीन इंच फिरेपर्यंत चाकांना त्याची खबरच नसते. मला त्याची सवय झाली होती. वळण दिसायच्या आधीच मी फिरवायला घ्यायचो. सरळ रस्त्यावरही माझे हात करवत ओढल्यासारखे चालत. पण चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान घेऊन पेडण्याला निघालो, समोरून बस आली, आणि मांडीवर तोरिंगं नि सुपारीचा घड सांभाळत बसलेली बायको म्हणाली, "अहो, गाडी एकीकडे चाललीय नि तुम्ही भलतीकडेच फिरवताय!" तिला कसं सांगणार, की मी पुढच्या वळणाचं फिरवत होतो?

मेस्तानं गाडी जॅकवर चढवली. चाक घड्याळाच्या नऊ-तीनवर धरून हलवलं की स्टेअरिंगची खबर चाकांना पोचवणाऱ्या टाय रॉडचे जॉइंट बोलतात, बारा-सहावर धरून हलवलं की खालचेवरचे. माझी गाडी चोवीस तास बोलत होती. रबरी बूट फाटलेले, आतले बॉल खुळखुळ्यासारखे. मग त्यानं खालच्या ट्रनियनवर बोट फिरवलं, बोटाला लागलेला काळा गोळा माझ्या नाकाजवळ धरला आणि विचारलं, "हें ग्रीस कोणें मारलें?"

मी आधीच्या मालकांकडे बोट दाखवलं. खरं म्हणजे दर दिवाळीला ग्रीसगन घेऊन मीच गाडीखाली शिरायचो.

ट्रनियन हा एक पितळी ठोकळा. त्याच्या आट्यांत उभा खांब बसतो आणि त्याच आट्यांवर चाक वळतं. त्यात नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरायचं असतं, ग्रीस नव्हे. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, वाटेतच बसून राहतं. मग पाणी शिरतं, खांब गंजतो आणि एखाद्या दिवशी मोडून चाक गाडीच्या पोटाखाली दुमडतं. आमच्याकडचा पाऊस धरला, तर दहा वर्षं मी तिला भक्तिभावानं विष चारत होतो.

आता सामान कुठून आणायचं? तिथं हेराल्ड धावून आली. स्टँडर्ड हेराल्ड मद्रासला 1961 पासून बनायची, आणि स्पिटफायर तिच्याच घराण्यातली. पुढच्या चाकांची हाडं बरीचशी तीच. बेळगावच्या मावसभावानं कोल्हापूरच्या भंगारातून एका हेराल्डचे दोन ट्रनियन मिळवले. मेस्तानं ते उलटसुलट करून पाहिले आणि हसायला लागला. एका बाजूच्या ट्रनियनचे आटे सुलटे असतात, दुसऱ्याचे उलटे. हे दोन्ही एकाच बाजूचे होते. बिचाऱ्या हेराल्डला दोन उजवे पाय असावेत! पुन्हा फोन, पुन्हा पंधरा दिवस.

टाय रॉडचे जॉइंट नवे आले, पण जुने सुटेनात. नट अडवून धरणाऱ्या स्प्लिट पिनचा तर भुगाच झाला. नट निघाला, तरी निमुळती पिन आपल्या भोकात आवळून बसलेली. मेस्तानं मला घण दिला आणि ते भोक असलेल्या आर्मच्या एका बाजूला टेकवून धरायला सांगितलं. पलीकडून तो हातोड्यानं घाव घालणार. पिनच्या टोकावर मारायचं नाही, ज्या भोकात ती बसलीय त्याच्या कडेला मारायचं. नऊ घाव माझ्या दातांपर्यंत पोचले. दहाव्याला 'टक्' झालं आणि रॉड निमूट खाली लोंबायला लागला. टपरीवरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

जुना जॉइंट किती आटे फिरवून निघाला ते मी खडूनं फरशीवर लिहून ठेवलं होतं. तो आकडा टपरीवरच्या पोरानं बादलीभर पाणी ओतून धुतला. मग चाकं सरळ लावायला मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली, दोन्ही चाकं पुढून मिळून अर्धा सूत आत घेतली. तासभर सगळे उकिडवे बसून एक डोळा मिटून बघत होते.

गाडी खाली उतरली. मी ऐटीत बसलो. गल्लीच्या तोंडाशी सवयीप्रमाणे आधीच तीन इंच फिरवलं. ही गाडी 25 फुटांच्या आसपास जागेत गरकन वळते, अशी तिची मूळचीच ख्याती. तिनं ती राखली. गडग्याचे चिरे चार बोटांवर आले तेव्हा ब्रेक लागला.

"उतरा," बायको म्हणाली. आजवर तिनं या गाडीला हात लावला नव्हता. ती बसली, शांतपणे रिव्हर्स घेतला आणि मंगेशीच्या रस्त्याला लागली. दोन बोटांनी चालवत होती.

"साधीच गाडी आहे की हो," ती म्हणाली. "एवढं काय हात हलवायचात तुम्ही?"

मी उत्तर दिलं नाही. शेजारच्या सीटवर माझे दोन्ही हात मांडीवर करवत ओढत होते.