मराठीत लिहिलेली तक्रार आणि तिची झालेली प्रश्नचिन्हे

आमच्या इमारतीत गेले तीन आठवडे रात्री दोन वाजता पाणी येते, म्हणून रविवारी संध्याकाळी मी संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावर तक्रार लिहायला बसलो. जुन्या अर्जांच्या तारखा शोधून, शब्द नीट तोलून, पाऊण तास खपून मजकूर तयार केला आणि ‘सादर करा’ हे बटण दाबले, तर पडद्यावर ‘सेशन संपले आहे’ एवढेच आले व चौकट कोरी झाली. आपण चौकटीत टाइप करत असतो तेव्हा सर्व्हरला त्यातले काहीच कळत नाही, त्यामुळे आपण निघून गेलो असे धरून तो सेशन, म्हणजे आपल्याला दिलेला वेळ, संपवतो. वेळ संपत आल्याची एक सूचना देणे किंवा लिहिलेला मसुदा ब्राउझरमध्येच साठवून ठेवणे मुळीच अवघड नाही. ते कोणी केले नाही, कारण लिहिणाऱ्याच्या कष्टांची कोणाला पर्वाच नाही, आणि याचाच मला भयंकर संताप येतो.

दुसऱ्यांदा मी सगळे नोटपॅडमध्ये लिहून तिथे चिकटवले. मर्यादा १००० अक्षरांची, माझी भरत होती जेमतेम ६४०, तरीही ‘मजकूर मर्यादेपेक्षा जास्त आहे’ हाच हेका. खोलात गेल्यावर कारण समजले. संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या एका छोट्या घरात, मावते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘तक्रार’ हा शब्द घ्या: त, क, हलन्ताची खूण, र, काना आणि पुन्हा र, अशी सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट. हे महाशय बाइट मोजत होते आणि त्यांना अक्षरे म्हणत होते! म्हणजे इंग्रजीत लिहिणाऱ्याला पूर्ण पान आणि मराठीत लिहिणाऱ्याला त्याची एक तृतीयांश चिठ्ठी.

मन मारून, अर्ज क्रमांक आणि तारखा गाळून मी मजकूर अर्ध्यावर आणला. तो एकदाचा गेला. पोच उघडली, तर ‘आमच्या भागात’ या शब्दांच्या जागी ‘?????? ?????’, आणि खाली शेवटपर्यंत तेच. देवनागरी न ओळखणाऱ्या जुन्या संकेतप्रणालीत मजकूर साठवला की प्रत्येक चिन्हाचे प्रश्नचिन्ह होते आणि मूळ अक्षरे त्यातून परत मिळवता येत नाहीत. जगभरच्या लिप्या संगणकात लिहिण्यासाठी ठरवलेल्या युनिकोड या प्रमाण पद्धतीच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. इतक्या वर्षांनंतरही ज्यांना ती साठवता येत नाही, त्यांनी मराठी माणसांसाठी संकेतस्थळ बनवण्याचे काम घेतलेच कशाला?

मदत क्रमांकावर फोन केला, तर पलीकडचा मुलगा पाठ केल्यासारखे सांगू लागला: कॅशे (ब्राउझरने साठवलेली जुनी माहिती) साफ करा, दुसरा ब्राउझर वापरून पाहा, संगणक बंद करून चालू करा. मी तिन्ही गोष्टी केल्या. बिघाड त्यांच्या बाजूला असताना माझा संगणक धुऊन काय होणार होते? शेवटी तो म्हणाला, “सर, तुम्ही इंग्रजीत का नाही लिहीत?” महाराष्ट्राने राजभाषा अधिनियम १९६४ सालीच केला, आणि तरी माझ्याच राज्यात पाण्याची तक्रार करायला मी परक्या भाषेत का लिहावे, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही. ज्यांनी त्याच्या हातात हे तीन उपाय देऊन त्याला आमच्यापुढे बसवले, त्यांच्यावर आहे.

काल मोबाइलवर संदेश आला: ‘तक्रारीचा मजकूर अस्पष्ट असल्याने तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ रात्री दोन वाजता आम्ही पुन्हा बादल्या घेऊन उठलो.