रेंज येते-जाते, खरी डोकेदुखी तिथे

गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी रुग्णांच्या नोंदी फोनवरच्या अ‍ॅपमध्ये भरायच्या, यावरच्या लेखात सगळा भर 'गावात रेंज नाही' यावर आहे. रेंज अजिबात नसणं परवडतं; येत-जात असेल तर जास्त छळते. नोंद सर्व्हरवर (मुख्य संगणकावर) पोचते, पण तिची पोच फोनपर्यंत यायच्या आत लाइन तुटते. फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि यादीत एकाच गरोदर बाईच्या दोन नोंदी होतात! म्हणून प्रत्येक नोंदीचा वेगळा ओळख क्रमांक (युनिक आयडी) सर्व्हरने नव्हे, फोननेच फॉर्म उघडताना तयार करायचा. तोच आयडी परत आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता फक्त पोच द्यायची. फोटो पाठवायची रांग वेगळी ठेवा, नाहीतर एका जड फोटोमागे रक्तदाबाचे आकडे अडकून बसतात.

रुग्णांना पाठवायच्या एसएमएसचं गणितही आधी करा. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि लांब संदेश तुकड्यांत गेला तर प्रत्येकी ६७. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'क्ष' एकटा तीन जागा खातो. खर्च दुप्पट-तिप्पट होतो तो इथेच.

घरात फोन एकच असेल तर संदेशात आजाराचं नाव नको. 'उद्या केंद्रावर या' एवढं पुरे.

आणि रक्तदाबयंत्र देताना मोठा कफही (दंडाला गुंडाळायचा पट्टा) द्या. जाड दंडावर लहान कफ लावला की आकडा खोटाच वर जातो, मग अ‍ॅप कितीही हुशार असो, विनाकारण रेफरल (मोठ्या दवाखान्यात पाठवण्याच्या चिठ्ठ्या) निघतात.