वेगळा पॉवर अॅम्प ‘लागतोच’ का?

होम थिएटर घेणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो: ‘एव्ही रिसीव्हरमधला अॅम्प नावापुरता असतो. वेगळा पॉवर अॅम्प लावल्याशिवाय स्पीकर खुलत नाहीत, आणि ४ ओहमचे असतील तर तो हवाच.’ रिसीव्हर म्हणजे सगळे सिग्नल घेऊन स्पीकर चालवणारे मुख्य यंत्र, अॅम्प म्हणजे स्पीकरला ताकद देणारा भाग, आणि ओहम जितके कमी तितका अॅम्पवर भार जास्त. वेगळ्या अॅम्पचा खर्च मोठा आहे, म्हणून आधी हिशेब करू.

‘नावापुरता’ हे चूक आहे. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक ताकदीला तो किती आवाज देतो) ८८ डेसिबल असेल, तर १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबल मिळतात. सोफा अडीच मीटरवर असेल, तर त्यातले सुमारे ८ कमी होऊन ८० उरतात. बंद खोलीत घट याहून थोडी कमीच असते. आता ९० डेसिबलच्या शिखरासाठी, म्हणजे क्षणभराच्या सर्वांत मोठ्या आवाजासाठी, १० वॅट लागतात, ९५ साठी सुमारे ३२ आणि १०० साठी १००. कॅलिब्रेशननंतर (म्हणजे रिसीव्हरने माइक लावून स्पीकरची पातळी जुळवल्यावर) व्हॉल्यूम ० वर असताना चित्रपटातली शिखरे १०५ पर्यंत जातात, म्हणजे -१५ वर ९० पर्यंत. तुमच्या व्हॉल्यूमचा आकडा रिसीव्हरच्या पडद्यावर बघा. फ्लॅटच्या हॉलमध्ये -१५ च्या वर फार कोणी जात नाही. शिवाय सबवूफरला स्वतःचा अॅम्प असतो. मेन्यूत स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झ ठेवला की सर्वांत जड काम रिसीव्हरवरून उतरते.

दाव्यात तथ्य आहे ते खोक्यावरच्या वॅटबद्दल. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एकच चॅनल (एकच स्पीकर चालू)’ हा फुगवलेला आकडा विसरा. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल’ असा आकडा शोधा.

‘दुप्पट वॅट, दुप्पट आवाज’ हेही खरे नाही. १०० चे २०० वॅट केल्याने फक्त ३ डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट भासायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात.

४ ओहमचा मुद्दा जरा विचार करण्यासारखा आहे. अशा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टला दिलेली असेल तर ती २ वॅटची असते. १ वॅटचा हिशेब करताना ३ डेसिबल वजा करा. मोठ्या आवाजात रिसीव्हर तापून प्रोटेक्शनमध्ये जात असेल, म्हणजे बचावासाठी आपोआप बंद पडत असेल, तर आधी वर १०-१५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा आणि वायरचे सुटे तंतू एकमेकांना टेकत नाहीत ना ते पाहा. मेन्यूतले ‘४ ओहम’ सेटिंग बहुधा व्होल्टेज कमी करून ताकदच घटवते, तो उपाय नव्हे.

एवढे करूनही बंद पडत असेल, सेन्सिटिव्हिटी ८४-८५ असून सोफा ४ मीटरवर असेल, किंवा रिसीव्हर ११ चॅनल प्रोसेस करतो पण अॅम्प ९ चेच असतील, तर वेगळा अॅम्प जरूर घ्या. मात्र रिसीव्हरला प्री-आउट (वेगळ्या अॅम्पला सिग्नल देणारे सॉकेट) आहे का ते आधी बघा. बहुतेक स्वस्त मॉडेलना तो फक्त सबवूफरसाठी असतो. जोडल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करा, कारण नव्या अॅम्पचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) वेगळा असतो. गुणगुण आली तर दोन्ही यंत्रे एकाच बोर्डवर लावा. तरीही राहिली तर डिश किंवा केबलची वायर काढून पाहा.