तेरवीच्या निरोपावर हसणारं तोंड

परवा भावकीच्या ग्रुपवर तेरवीचा निरोप आला. तेरवी किती वाजता ते वाचावं म्हणून मी त्यावर बोट टेकवलं, तर बोटाखालून चित्रांची ओळ उगवली: अंगठा, बदाम, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारं तोंड, आणि पार शेवटी जोडलेले हात. ओळ हाकलायच्या घाईत बोट पडलं तिसऱ्यावर. दहा मिनिटांत चुलतभावाचा फोन. "दादा, आमचं काही चुकलं का?"

सकाळी पानठेल्यावर गेलो, तिथल्या पोराकडून ते तोंड पुसून घ्यायला. पोरगा सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. बाकड्यावरच्या आबाजींनी केस स्वतःकडे घेतली.

"कितीक येळ दाबलं?"

"दाबलं नाही आबाजी, टेकवलं."

"टेकवून उचललं, का टेकवून ठिवलं?"

एवढी उलटतपासणी माझ्या वाटणीच्या दाव्यातही झाली नव्हती.

"कोंबडीनं दाना टिपल्यावानी टिपाचं, काका," पोरगा म्हणाला. आबाजींनी लगेच बाकड्यावर चार दाणे टिपून पाहिले. मग म्हणाले, "म्या आजलोक एकच बटन जानतो, मोटारीच्या स्टार्टरचं. हिरवं दाबलं का चालू, लाल दाबलं का बंद. राती दोनले लाईन आली का अंधारात जाऊन दाबतो. मिनिटभर दाबून ठिवलं तरी मोटार कधी माह्या अंगावर हासली नाई!"

खोटं काय आहे त्यात? या काचेला जोर कळतच नाही, ती नुसती वेळ मोजते. साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत बोट उचललं तर टिचकी, पुढे गेलं तर 'दाबून धरलं'. बटणावर मात्र यातलं अक्षर लिहिलेलं नसतं. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाची टोकं टोचून आमची बोटं वाळक्या सालीसारखी होतात. कोरड्या, जाड कातडीची काच धड दखल घेत नाही, म्हणून आपण रेटून धरतो आणि फसतो. ही मुदत वाढवायची सोय फोनमध्ये आहे, ॲक्सेसिबिलिटी नावाच्या विहिरीच्या तळाशी. उतरायचं कसं, तर टिचक्या मारत! ज्याने हे बनवलं त्याला एक दिवस माझ्या कपाशीच्या तासाला वेचायला लावावा.

तोवर आबाजींनी फोन हातात घेतला होता. काच ऐकेना, म्हणून अंगठा जिभेला लावून परत टेकवला, आणि तसाच ठेवून माझं सांत्वन सुरू केलं. "जाऊ दे ना बाप्पा! हासलं तं हासलं. तो मेलेला तरी कोनाले पाहून कधी हासला होता? उलटं माह्या टिकासाचे पैसे बुडवून गेला."

मग अंगठा उचलला. पोराचा खर्रा घोटणारा हात थांबला. "आबाजी, तुमी माइक दाबून धरला होता. सुटला का जाते ते."

बावीस सेकंद. माझ्या नावानं. भावकीच्या ग्रुपवर.

बघता बघता त्याच्याखाली एक हसणारं तोंड उमटलं. कोणाचं, ते पाहायला त्यावर बोट टेकवावं लागतं. मी फोन तसाच खिशात घातला.